जुन्या 4 जीबीच्या मशीनवर स्वॅप, झेडरॅम आणि पेज साईझ कसं लावायचं (पहिल्यांदाच लिनक्स टाकलेल्यांसाठी)

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सिक्युरिटीची चिप) लागतंय आणि आपल्याकडच्या जुन्या लॅपटॉपात ते नसतंय, मग काय, मिंट नाहीतर उबंटू टाकून घ्या, असं बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर सगळीकडं चाललंय. टाकल्यावर पहिले चार दिवस मशीन पळतंय. मग एक दिवस क्रोममध्ये आठ-दहा टॅब, त्यात एका टॅबात सेवा सिंधू (कर्नाटक सरकारचं अर्जांचं पोर्टल), दुसऱ्यात कुणाचा तरी पहाणी उतारा, बाजूला लिब्रे ऑफिसात अर्ज, स्कॅनर चालू, आणि माऊसचा बाण जागच्या जागी गप्प. हार्डडिस्कचा दिवा नुसता पेटलेला. माणूस पॉवर बटण दाबून धरतो, बंद करतो आणि म्हणतो लिनक्स काय कामाचं नाही बघा.

तसं नसतंय. रॅम कमी आहे आणि स्वॅप इन्स्टॉलरनं जसं दिलं तसंच पडून आहे, एवढंच. अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे लागत नाहीत. फक्त एक सांगतो, आधी बघायचं आणि मग हात लावायचा, व्हिडिओत कुणीतरी सांगितलं म्हणून आकडे टाकत सुटायचं नाही.

कमांड्सबद्दल एक गोष्ट. मी सगळं देवनागरीत लिहिलंय, टर्मिनलमध्ये टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि जिथं कॅपिटल म्हणून सांगितलेलं नाही तिथं सगळं स्मॉल. तिरकी रेघ, डॅश, बरोबरचं चिन्ह जसंच्या तसं.

आधी समजून घ्या, दोनच मिनिटं

रविवार पेठेतल्या किराणा होलसेलवाल्याचं दुकान डोळ्यासमोर आणा. पुढं काउंटरजवळ जेवढा माल मावतो तेवढा, बाकीचा मागच्या गोडाऊनात. रॅम म्हणजे काउंटर, स्वॅप म्हणजे गोडाऊन. गिऱ्हाईक क्वचित मागतंय तो माल मागं टाकला तर पुढं जागा होते, धंदा चांगला चालतो. पण काउंटरच इतका बारका की दर गिऱ्हाईकाला पोरगा गोडाऊनात पळायलाय, तर दुकान बंद पडल्यासारखंच.

पळापळ किती महाग पडते ते बघा. रॅममधून वाचायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्डडिस्कवर एक जागा शोधून वाचायला 10 मिलीसेकंदाच्या आसपास. म्हणजे एक लाख पट. एसएसडी असेल तर हा फरक खूप कमी होतो, म्हणून त्याच 4 जीबीत एसएसडीवाला माणूस तक्रार करत नाही आणि हार्डडिस्कवाला रोज करतो.

आता पेज. ऑपरेटिंग सिस्टीम मेमरी एकेक बाईट करून सांभाळत नाही, तुकडे पाडून सांभाळते, त्या तुकड्याला पेज म्हणायचं. आपल्या नेहमीच्या इंटेल, एएमडी मशीनवर एक पेज 4 केबीचं. 4 जीबी रॅम म्हणजे 10,48,576 पेजेस. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वॅपमध्ये जे पाठवतो किंवा परत आणतो ते या पेजेसच्या हिशोबात. पेजच्या साईझचं पुढं येईलच, पण नवीन माणसाला त्यातलं फार थोडं लागतंय, खरं काम स्वॅपमध्ये आहे.

पायरी 1: मशीन काय करायलंय ते बघा

मशीन चांगलं चालू असताना एकदा आणि जड झाल्यावर एकदा, दोन्ही वेळा हे टाका:

फ्री -एच

पहिल्या ओळीत फ्री नावाचा कॉलम असतो, तो 100-150 एमबी दिसला की लोक घाबरतात, घाबरू नका. लिनक्स रिकामी रॅम फाईल कॅशसाठी (डिस्कवरून वाचलेल्या फाईलींची कॉपी ठेवायला) वापरून घेतो आणि गरज पडली की सोडतो. बघायचा तो शेवटचा कॉलम, अव्हेलेबल. तो दीड-दोन जीबी असेल तर तुम्हाला रॅमचा त्रासच नाही, दुसरंच काहीतरी आहे, हा लेख सोडून द्या. तो 200 एमबीच्या खाली आलाय आणि खालच्या स्वॅपच्या ओळीत यूज्ड जवळजवळ टोटलएवढं झालंय, तर तुमची जागा इथंच.

पण स्वॅप भरलंय एवढ्यावरून काही ठरत नाही. सकाळी उघडून विसरलेला प्रोग्रॅम स्वॅपमध्ये जाऊन झोपला तर ते चांगलंच झालं. त्रास होतो तो सारखी ये-जा असली की. ती बघायला:

व्हीएमस्टॅट 1

दर सेकंदाला एक ओळ येत राहते, बंद करायला कंट्रोल सी. पहिली ओळ मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्या. दोन कॉलम बघायचे, एसआय आणि एसओ. एसआय म्हणजे स्वॅपमधून रॅममध्ये सेकंदाला किती केबी आले, एसओ म्हणजे किती बाहेर गेले. उजवीकडं डब्ल्यूए असतो, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात प्रोसेसरचा किती टक्के वेळ गेला. एसआय एसओ दोन्ही बराच वेळ 0 0 असतील तर स्वॅप कितीही भरलेलं असू दे, सोडून द्या. खानापुरातल्या एका ऑनलाईन सेंटरच्या मशीनवर मी बघितलं तेव्हा दोन्हीकडं हजारांत आकडे नाचत होते आणि डब्ल्यूए 60 च्या वर, म्हणजे पेज बाहेर टाकायचं, लगेच तेच परत मागायचं, परत बाहेर. यालाच थ्रॅशिंग म्हणतात. पोर्टल स्लो आहे, नेट गेलंय असं सेंटरवाल्याला वाटत होतं, आणि बाहेर बाकावर पाच-सहा जण कागदं घेऊन बसलेले.

कर्नल 4.20 नंतरचा असेल, आता सगळ्यांचाच असतो, तर अजून एक सोपा मीटर आहे:

कॅट /प्रोक/प्रेशर/मेमरी

दोन ओळी येतात, सम आणि फुल. फुलच्या ओळीतला एव्हीजी10 म्हणजे मागच्या 10 सेकंदांत कामं सगळीच्या सगळी मेमरीसाठी अडकून पडली होती तो वेळ, टक्क्यात. 0 च्या आसपास असायला पायजे. सारखा 10 च्या वर दिसायला लागला तर मशीन कण्हायलंय असं समजा.

हे आकडे कागदावर नाहीतर मोबाईलात फोटो काढून ठेवा. नंतर बदल केल्यावर फरक पडला का नाही हे सांगायला दुसरं काही नसतंय, "जरा फास्ट वाटतंय" याला काही अर्थ नाही.

पायरी 2: आत्ता स्वॅप कुठं आणि किती आहे

स्वॅपऑन --शो

यात नाव, टाईप, साईझ, यूज्ड आणि प्रायो (आधी कुठलं भरायचं तो क्रम) येतं. टाईपमध्ये पार्टिशन असेल तर जुन्या पद्धतीनं वेगळा तुकडा काढलाय, फाईल असेल तर साधी फाईल आहे. उबंटूनं 17.04 पासून नवीन इन्स्टॉलला स्वॅप फाईलच द्यायला सुरुवात केली, मिंटही त्याच वाटेनं. काहीच आलं नाही तर स्वॅपच नाही, आणि 4 जीबीत स्वॅपशिवाय चालवणं म्हणजे कधीही क्रोम गायब होणार.

किती पायजे? रॅमच्या दुप्पट हा जुना नियम अजून लोक सांगतात, तो रॅम एमबीत मोजायच्या काळातला, 16 जीबीच्या मशीनला 32 जीबी स्वॅप देऊन काय लोणचं घालायचंय. मी असं करतो: 4 जीबी रॅमला 4 जीबी फाईल, 8 ला 4, 16 ला 2 ते 4. हायबरनेट पायजे असेल तर मात्र हिशोब वेगळा, सगळी रॅम डिस्कवर उतरवायची असते, म्हणून फाईल निदान रॅमएवढी धरा. करंट जायच्या भानगडीमुळं बरेच जण हायबरनेट विचारतात, पण स्वॅप फाईलवर हायबरनेट लावणं नवीन माणसाचं काम नाही, बारका यूपीएस घ्या आणि सस्पेंडवर भागवा.

पायरी 3: स्वॅप फाईल वाढवणे

जुनी फाईल तशीच राहू दे, दुसरी जोडा, हे सगळ्यात सेफ. जुनी काढून मोठी करायला गेलं की आधी स्वॅपऑफ करावं लागतंय, त्यात भरलेला सगळा माल परत रॅममध्ये यायला पायजे, आणि रॅम आधीच फुल्ल, मग तिथंच अडकतंय. खालच्या ओळींतलं सुडो म्हणजे ही कमांड ॲडमिन म्हणून चालव, ते तुमचा पासवर्ड विचारतंय.

सुडो फॅलोकेट -एल 4जी /स्वॅपफाईल2
सुडो सीएचमॉड 600 /स्वॅपफाईल2
सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाईल2
सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाईल2

फॅलोकेट म्हणजे एफ लावून ॲलोकेट, मध्ये स्पेस नाही, 4 नंतरचा जी कॅपिटल. 600 कशाला, तर स्वॅपमध्ये तुमचे पासवर्ड, उघडलेले आधार, बँकेची पानं असं काहीबाही येऊन पडतंय, ते दुसऱ्या युजरला वाचता येऊ नये. सेंटरच्या मशीनवर तर ही ओळ विसरायचीच नाही.

स्वॅपऑनला फाईलमध्ये होल्स आहेत अशी एरर आली तर फॅलोकेटनं फाईल नीट भरली नाही, मग ती फाईल डिलीट करून अशी बनवा, जरा वेळ लागेल, चहा घेऊन या:

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/झिरो ओएफ=/स्वॅपफाईल2 बीएस=1एम काउंट=4096 स्टेटस=प्रोग्रेस

इथं एम कॅपिटल. फाईल झाल्यावर वरच्या सीएचमॉड, एमकेस्वॅप आणि स्वॅपऑनच्या ओळी परत मारा. आणि ओएफच्या पुढं काय लिहिलंय ते दोनदा वाचा, तिथं चुकून डिस्कचं नाव गेलं तर डिस्क पुसली जाते, कुणी थांबवत नाही. बीटीआरएफएस फाईलसिस्टीम असणाऱ्यांनी हे दोन्ही सोडून द्या, तिथं कॉपी-ऑन-राईट बंद करून वेगळ्या पद्धतीनं फाईल बनवावी लागते. मिंट उबंटू नेहमीसारखं नेक्स्ट नेक्स्ट करून टाकलं असेल तर तुमची ईएक्सटी4 असणार, काळजी नाही.

आत्ता लावलेलं रीस्टार्टला जातंय. कायम ठेवायला /ईटीसी/एफएसटॅब फाईल सुडो नॅनोनं (नॅनो म्हणजे टर्मिनलमधला साधा एडिटर) उघडा आणि शेवटी ही ओळ:

/स्वॅपफाईल2 नन स्वॅप एसडब्ल्यू 0 0

सेव्ह केल्यावर सुडो फाइंडमाउंट --व्हेरिफाय मारा, यातल्या माउंटचं स्पेलिंग एमएनटी. एफएसटॅबमध्ये गडबड असेल तर ते आत्ताच सांगतंय, नाहीतर बूटच्या वेळी कळतंय आणि तेव्हा समोर गिऱ्हाईक असतंय.

पेनड्राईव्ह नाहीतर मेमरी कार्डावर स्वॅप ठेवू नका. सारखं लिहून ती लवकर मरतात. एसएसडीबद्दल लोक उगाच भितात, रोजच्या वापराला आताच्या एसएसडीला थोडं स्वॅप काही करत नाही, दिवसभर थ्रॅशिंग चालू असेल तर तो वेगळा आजार, त्यावर इलाज पुढं आहे.

पायरी 4: झेडरॅम, खरा फरक इथं पडतो

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

झेडरॅम म्हणजे रॅमचाच एक भाग घेऊन त्यात पेजेस दाबून ठेवायची, कॉम्प्रेस करून. डिस्कवर जायचंच नाही. ब्राउझरच्या मेमरीत एकसारखा डेटा खूप असतो, त्यामुळं दोन-तीन पट दाबलं जाणं नेहमीचं आहे. प्रोसेसरला थोडं काम पडतं, पण दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरसुद्धा हे हार्डडिस्कपेक्षा कितीतरी लवकर करतो. कर्नलमध्ये हे 2014 पासून, 3.14 मध्ये नीट सामील झालंय, नवीन प्रयोग वगैरे नाही. फेडोरानं 33 व्या आवृत्तीपासून हे आपोआप चालू दिलंय, आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये पण हेच चाललेलं असतंय.

फोनवरून आठवलं, खडेबाजारात "8 प्लस 8 जीबी रॅम" म्हणून बोर्ड लावलेले फोन असतात, त्यातले पुढचे 8 म्हणजे फोनचं स्टोरेजच, स्वॅपसारखं वापरलेलं. 16 जीबी रॅम नाही ती. भाव करताना लक्षात ठेवा.

उबंटू, मिंट, डेबियनवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल झेडरॅम-टूल्स

मग सुडो नॅनोनं /ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप उघडायचं. आत काही ओळींच्या पुढं हॅश असतो, म्हणजे त्या बंद आहेत. अल्गोच्या ओळीचा हॅश काढून बरोबरच्या पुढं झेडएसटीडी (दाबायची एक पद्धत) लिहा, पर्सेंटच्या ओळीचा काढून 50. अल्गो आणि पर्सेंट ही नावं कॅपिटलमध्येच असतात, ती बदलू नका. प्रोसेसर फारच जुना, ॲटमसारखा असेल तर झेडएसटीडीच्या जागी एलझेड4, ते कमी दाबतंय पण हलकं आहे. सेव्ह करून:

सुडो सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट झेडरॅमस्वॅप

आता परत स्वॅपऑन --शो बघा. झेडरॅम0 नावाची ओळ आली असेल, प्रायोमध्ये 100, आणि तुमच्या फाईलला उणे आकडा. ज्याचा आकडा मोठा ते आधी भरतंय. म्हणजे आधी झेडरॅम वापरलं जाणार, ते भरलं तरच डिस्कवरची फाईल. आपल्याला असंच पायजे होतं.

थोडा वेळ काम केल्यावर झेडरॅमसीटीएल नुसतं टाईप करून एंटर. डेटा, कॉम्प्र आणि टोटल असे कॉलम येतात. डेटा 1.2 जी आणि टोटल 400 एम असं दिसलं तर 1.2 जीबीचा माल 400 एमबीत बसलाय, 800 एमबी फुकट मिळाली. हे दोन आकडे जवळजवळ सारखेच असतील तर तुमचा माल आधीच दाबलेला आहे, जसं की व्हिडिओ एडिटिंगवाल्यांचा असतो, तिथं झेडरॅमचा उपयोग थोडाच.

50 च्या जागी 200 टाकू का, असं कुणीतरी विचारतंच. नको. दाबलेला माल पण रॅममध्येच बसतोय ना, तो कुठं बाहेर जात नाही. 4 जीबीला 50, फार तर 75.

झेडस्वॅप नावाचं अजून एक असतंय, ते वेगळं, डिस्कवरच्या स्वॅपच्या पुढं दाबलेल्या पेजेसचा कॅश लावतं. दोन्ही एकदम चालू ठेवायचं नाही, एकमेकांच्या पायात येतात. कॅट /सिस/मॉड्यूल/झेडस्वॅप/पॅरामीटर्स/एनेबल्ड मारल्यावर वाय आलं तर चालू आहे, एन आलं तर बंद. उबंटूवर सहसा एनच असतंय.

पायरी 5: स्वॅपिनेस

यावर जेवढा चुकीचा सल्ला फिरतोय तेवढा कशावरच नसेल. "स्वॅपिनेस 10 करा, मशीन रॉकेट होईल."

स्वॅपिनेस म्हणजे रॅमचा अमुक टक्का भरल्यावर स्वॅप चालू, असलं काही नाही. रॅम कमी पडली की कर्नलला दोन ठिकाणांहून जागा काढता येते, प्रोग्रॅमचा स्वतःचा डेटा स्वॅपमध्ये टाकून, नाहीतर फाईल कॅश फेकून देऊन. या दोघांत कुणाकडं झुकायचं ते हा आकडा सांगतो. डिफॉल्ट 60. 100 म्हणजे दोन्ही सारखेच महाग धरा. कर्नल 5.8 पासून 200 पर्यंत नेता येतो. 0 केला तरी स्वॅप बंद होत नाही.

आता 10 केल्यावर 4 जीबीच्या मशीनवर काय होतंय बघा. कर्नल स्वॅपला हात लावायला कचरतो आणि फाईल कॅश फेकत सुटतो. पण त्या फाईल कॅशमध्ये क्रोमचा स्वतःचा प्रोग्रॅम कोड पण असतो, तो पण डिस्कवरची फाईलच की. तो फेकला, दुसऱ्या क्षणी पायजे झाला, परत डिस्कवरून वाचा. म्हणजे स्वॅप अर्धं रिकामं दिसतंय आणि मशीन तरीही हँग, डिस्कचा दिवा पेटलेला, आणि माणूस म्हणतोय स्वॅप तर भरलंच नाही मग हँग कशानं.

झेडरॅम लावलंय तर स्वॅप आता डिस्कपेक्षा स्वस्त आहे, मग आकडा वर न्यायचा, 100 ते 180 च्या मध्ये कुठंतरी. मी 150 ठेवतो. झेडरॅम नाही, नुसती हार्डडिस्क, तर 60 तसाच राहू दे. 16 जीबी आणि एसएसडीवाल्यांनी याच्याकडं बघायची पण गरज नाही.

सुडो नॅनो /ईटीसी/सिसीटीएल.डी/99-स्वॅप.कॉन्फ

त्यात दोन ओळी:

व्हीएम.स्वॅपिनेस=150
व्हीएम.पेज-क्लस्टर=0

आणि मग सुडो सिसीटीएल --सिस्टीम. सिसीटीएलचं स्पेलिंग एस वाय एस सी टी एल, मघाशी सर्व्हिस रीस्टार्टला वापरलेलं सिस्टीमसीटीएल वेगळं, यात गोंधळ होतो.

पेज-क्लस्टर म्हणजे स्वॅपमधून एक पेज मागितल्यावर शेजारची किती पेजेस सोबत आणायची. डिफॉल्ट 3, म्हणजे 2 चा घात 3, आठ पेजेस, 32 केबी. फिरत्या डिस्कवर हे शहाणपणाचं, एकदा तिथं गेलोच आहे तर शेजारचंही घेऊन येऊ. झेडरॅमवर तसं जाणंयेणं काही नाही, उगाच सात नको असलेली पेजेस उघडत बसायची, म्हणून 0. झेडरॅम नसेल तर ही दुसरी ओळ लिहू नका.

व्हीएफएस कॅश प्रेशर, डर्टी रेशो, मिन फ्री केबाईट्स असले अजून दहा-बारा आकडे लोक एकमेकांना फॉरवर्ड करतात. सोडून द्या. तुमच्या कामाला त्यातलं काही लागत नाही.

पायरी 6: पेज साईझ आणि ह्यूज पेज

आधी बघून घ्या:

गेटकॉन्फ पेजसाईझ

पेजसाईझ कॅपिटलमध्ये, एकच शब्द. 4096 येईल. हे इंटेल एएमडीवर बदलता येत नाही, हार्डवेअरच तसं आहे. एआरएमवर (मोबाईल, रास्पबेरी पाय यांच्यातले प्रोसेसर) 4, 16, 64 केबी असे पर्याय असतात पण तेही कर्नल बनवतानाच ठरतं, सेटिंगमधून नाही. ॲपलच्या एम1 पासूनच्या मॅकमध्ये 16 केबी, गुगलनं अँड्रॉइड 15 पासून 16 केबीचा सपोर्ट आणलाय.

मोठं पेज कशाला पायजे? प्रोसेसरला कुठलं पेज रॅममध्ये कुठं आहे याचा पत्ता सारखा लागतो, अलीकडं वापरलेले पत्ते तो टीएलबी नावाच्या बारक्या टेबलात ठेवतो. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरात दुसऱ्या लेव्हलच्या टीएलबीत 1536 नोंदी. 4 केबीच्या हिशोबानं त्यात 6 एमबीचे पत्ते मावले. 2 एमबीचं पेज धरलं तर तेवढ्याच नोंदींत 3 जीबी. मोठा डेटाबेस नाहीतर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्याला हा फरक जाणवतो. अर्ज भरणाऱ्याला नाही.

लिनक्समध्ये याचे दोन प्रकार. पहिला आपोआप होणारा, ट्रान्सपरंट ह्यूज पेज, 2011 पासून कर्नलमध्ये आहे:

कॅट /सिस/कर्नल/एमएम/ट्रान्सपरंट_ह्यूजपेज/एनेबल्ड

तीन शब्द येतात, ऑल्वेज, मॅडव्हाईज, नेव्हर, आणि चालू असलेल्याला चौकटी कंस. मॅडव्हाईज म्हणजे एम लावून ॲडव्हाईज, जो प्रोग्रॅम स्वतः मागेल त्यालाच मोठं पेज. उबंटूवर हेच असतंय आणि आपल्याला हेच पायजे. ऑल्वेज असेल तर 4 जीबीत वाया जातंय, प्रोग्रॅमला 100 केबी पायजे तिथं 2 एमबी अडकून बसली, आणि सलग जागा करायला कर्नल पेजेस इकडची तिकडं सरकवत बसतो ते वेगळंच. बदलायचं असेल तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये कमांडलाईन लिनक्स डिफॉल्टच्या ओळीत अवतरण चिन्हाच्या आत शेवटी ट्रान्सपरंट_ह्यूजपेज=मॅडव्हाईज जोडा, सुडो अपडेट-ग्रब, रीस्टार्ट.

लग्नपत्रिका छापणाऱ्यांचा एक खास मुद्दा. मराठी-कन्नड दोन्हीत पत्रिका, जुने फॉन्ट, जुनं पेजमेकर, ते सोडवत नाही म्हणून लिनक्सच्या आत केव्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवायची लिनक्सची सोय) विंडोज चालवतात. तिथं मॅडव्हाईज पुरतं, कारण ते मशीन चालवणारा क्यूईएमयू नावाचा प्रोग्रॅम स्वतःच मोठी पेजेस मागून घेतो. बाहेरच्या मशीनला निदान 8 जीबी असू दे आणि आतल्या विंडोजला 3 च्या वर देऊ नका, नाहीतर बाहेरचा लिनक्स स्वॅप करतोय आणि आतला विंडोज त्याच्या पेजफाईलमध्ये लिहितोय, एकाच डिस्कवर दोघं.

दुसरा प्रकार आधीच बाजूला काढून ठेवायची ह्यूज पेजेस, व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस. उद्यमबागेत कुणी कारखान्याचा स्टॉक, बिलिंग पोस्टग्रेस डेटाबेसवर चालवत असेल आणि सर्व्हर 16-32 जीबीचा असेल तर कामाचं. शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसनं स्वतःसाठी धरलेली रॅम) 2 जीबी असतील तर 2 एमबीची 1024 पेजेस, वर थोडी जास्त, म्हणजे 1100 च्या आसपास. पोस्टग्रेस 15 पासून शेअर्ड_मेमरी_साईझ_इन_ह्यूज_पेजेस नावाचं पॅरामीटर विचारलं की तो नेमका आकडा स्वतःच सांगतो, अंदाज करायची गरज नाही. पण लक्षात असू दे, ही पेजेस काढली की ती मेमरी दुसऱ्या कुणाला मिळत नाही आणि स्वॅपमध्येही जात नाही. 1100 पेजेस म्हणजे 2200 एमबी. 4 जीबीच्या मशीनवर हे टाकलं की अर्ध्याच्या वर रॅम कुलूपबंद, मग फ्री -एच बघून डोकं खाजवत बसायचं. ग्रेप -आय ह्यूज /प्रोक/मेमइन्फो मारलं की किती काढलीत आणि किती रिकामी आहेत ते दिसतंय.

कॉलेजच्या पोरांसाठी, प्रोजेक्टला रास्पबेरी पाय 5 घेतला असेल तर त्याचा कर्नल डिफॉल्ट 16 केबी पेजचा असतो. काही जुनी सॉफ्टवेअर 4 केबीच धरून बनवलेली, ती तिथं सुरूच होत नाहीत. तेव्हा कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये कर्नल=कर्नल8.आयएमजी लिहून रीस्टार्ट, झालं 4 केबी. मात्र आधी 16 केबीवर बनवलेली स्वॅप फाईल आता चालणार नाही, पेज साईझ जुळत नाही म्हणून तक्रार करेल, परत एमकेस्वॅप करून घ्यायचं.

पायरी 7: सगळं करूनही हँग होत असेल तर

कर्नलला अगदीच जागा मिळेना की तो एखादा प्रोग्रॅम मारतो, त्याला ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर म्हणतात. अडचण अशी की तो फार उशिरा उठतो, तोपर्यंत मशीन पाच-दहा मिनिटं गप्प. त्याच्या आधीच एखादा प्रोग्रॅम बंद पाडणारा राखणदार ठेवता येतो, सुडो एपीटी इन्स्टॉल अर्लीओओएम, बास, काही सेटिंग लागत नाही. क्रोमचा एखादा टॅब जाईल पण मशीन राहील. उबंटू 22.04 आणि पुढच्या डेस्कटॉपवर सिस्टीमडी-ओओएमडी नावाचा राखणदार आधीच असतो, तिथं दुसरा ठेवू नका. प्रोग्रॅम अचानक गायब झाला तर कुणी मारला ते जर्नलसीटीएल -के मध्ये किल्ड प्रोसेस असं शोधलं की सापडतंय, आणि ओओएमडीनं मारला असेल तर जर्नलसीटीएल -यू सिस्टीमडी-ओओएमडी मध्ये.

आणि सुरुवातीला काढून ठेवलेले आकडे आता परत काढा. तसंच काम, तेवढेच टॅब, व्हीएमस्टॅट 1. झेडरॅम लावल्यावर एसआय एसओमध्ये आकडे दिसतच राहतील कारण झेडरॅमची ये-जा पण त्यातच मोजली जाते, म्हणून इथं डब्ल्यूए बघायचा. तो 60 वरून एक आकडी झाला असेल तर काम झालं. फरकच नाही तर लावलेलं उलटं काढा, 99-स्वॅप.कॉन्फ फाईल डिलीट करून रीस्टार्ट केलं की सगळं मूळ आकड्यांवर जातंय.

डब्ल्यूए अजून वरच असेल, झेडरॅम पण फुल्ल, फाईल पण भरत चाललीय, तर आता आकड्यांनी भागणार नाही, रॅम घ्या. दुकानात जायच्या आधी सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी मारून त्याचा फोटो काढून न्या. त्यात किती स्लॉट आहेत, रिकामा किती, मशीन जास्तीत जास्त किती घेतंय आणि डीडीआर3 का डीडीआर4 ते सगळं असतंय. डीडीआर3 च्या लॅपटॉपवाल्यांनी एक नीट बघा, 1.35 व्होल्टची डीडीआर3एल आणि 1.5 व्होल्टची साधी डीडीआर3 दिसायला सारखीच, पण एल मागणाऱ्या लॅपटॉपात साधी टाकली तर बऱ्याचदा चालूच होत नाही, आणि सेकंडहँड घेताना दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही, स्टिकरवर पीसी3 च्या पुढं एल आहे का ते स्वतः वाचून घ्या.